क्रेनबाखचा जनरल

नागेश सबनीसच्या हातात माइक गेला की तो परत मिळायचा नाही. न्युरेम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळाचा तो सात वर्षं अध्यक्ष होता आणि त्यातली बहुतेक वर्षं मी चिटणीस होते, म्हणून हे मी खात्रीने सांगते. गणपतीसाठी हॉल शोधायचा कुमारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. दोनशे माणसांचा मसालेभात करायचा कुंदाने, म्हणजे नागेशच्या बायकोने. खुर्च्या लावायच्या नव्याने आलेल्या पोरांनी. नागेश यायचा आरतीच्या जरा आधी, सोवळं नेसून, कपाळाला अष्टगंध लावून, आणि सगळ्यांच्या वतीने सगळ्यांचे आभार मानायचा. आभाराचं भाषण पाऊण तास चालायचं. मुलं तोवर भुकेने रडायला लागलेली असायची.

मूळचा सांगलीचा. एका बड्या इंजिनिअरिंग कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. हाताखालची माणसं काम करायची आणि ते काम तो वरच्यांपुढे सादर करायचा. या कलेवर माणूस युरोपात वीस वर्षं सुखाने काढू शकतो, हे मी त्याच्याकडे बघून शिकले.

मंडळ त्याच्या हातून गेलं ते एका बॅनरमुळे. त्या वर्षी गणपतीमागे लावलेल्या बॅनरवर त्याचा स्वतःचा फोटो बाप्पापेक्षा मोठा छापून आला. छापणाऱ्याची चूक, असं त्याने सांगितलं. पुढच्या निवडणुकीत त्याला स्वतःचं, कुंदाचं आणि आणखी कुणा दयाळू माणसाचं अशी मतं पडली. "मंडळाची वैचारिक पातळी राहिली नाही," असं जाहीर करून तो बाहेर पडला आणि शहरापासून अर्ध्या तासावरच्या क्रेनबाख या गावात घर घेऊन राहायला गेला. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सच्या वेलींचे मळे, एक चर्च, एक बिअर गाळणारं जुनं कुटुंब आणि एस-बानचं, म्हणजे लोकल गाडीचं, एक स्टेशन, एवढंच ते गाव. त्याच सुमाराला त्याला जर्मन नागरिकत्व मिळालं.

तिथल्या एका पक्षाला गेमाइंडेराटच्या, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या, निवडणुकीसाठी यादीत एखादा परदेशी चेहरा हवा होता. नागेश तयारच होता. त्याला यादीच्या तळाशी ठेवलं. तो अर्थातच पडला. पण निवडून आलेल्यांपैकी एक बाई नोकरीसाठी म्युनिकला गेल्या, एकाने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, यादीत वर असलेल्या बाकीच्यांनी कंटाळून नकार दिला आणि जागा घसरत घसरत नागेशपाशी आली. एकाही माणसाने न निवडलेला हा माणूस लोकप्रतिनिधी झाला. सांगलीत त्याच्या भावाने चौकात फ्लेक्स लावला: 'जर्मनीच्या राजकारणात सांगलीचा झेंडा'. कुंदाने मला तो फोनवर दाखवला आणि फोन उपडा ठेवला.

गेमाइंडेराटमध्ये तो कुत्र्यांच्या विष्ठेच्या पिशव्यांवर बोलला, सायकलस्टँडवर बोलला, कब्रस्तानाच्या नळावर बोलला. जर्मन माणसं बैठकीत सहसा कुणाला तोडत नाहीत. ही त्यांची सभ्यता त्याने वक्तृत्वाची दाद समजून घेतली.

आणि मग त्याला जनरल सापडला.

क्रेनबाखच्या चौकात एक अर्धपुतळा आहे. गेऑर्ग फायलर, जन्म १८२५, हॉप्सच्या मळेवाल्याचा धाकटा मुलगा. बाविसाव्या वर्षी अमेरिकेत गेला, ओहायो राज्यात दारूचा गुत्ता टाकला आणि गुत्त्यावर येणाऱ्या जर्मन लोकांपुढे भाषणं ठोकून ठोकून पुढारी झाला. दोनदा पक्ष बदलून राज्याच्या सभागृहात पोचला. तिकडे यादवी युद्ध पेटलं तेव्हा सरकारला जर्मनांची मतं आणि जर्मनांची पोरं, दोन्ही हवी होती. फायलरने स्वतःच्या गिऱ्हाइकांतून एक पलटण उभी केली. "मी तुमच्या पुढे असेन," असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं. ज्याने आयुष्यात बंदूक साफ केली नव्हती, त्याला आधी कर्नल आणि सहा महिन्यांत जनरल केलं. गावातल्या पुतळ्याखाली एवढंच लिहिलंय: 'दोन ओढ्यांचा वीर'.

२०२५ मध्ये त्याच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. गावाने उत्सव करायचं ठरवलं आणि समितीचं अध्यक्षपद नागेशने मागून घेतलं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं.

जर्मनीत अमेरिकेच्या त्या युद्धाचे पोशाख घालून लढाया उभ्या करणारी मंडळं आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लोकरीचे निळे कोट, पितळी बटणं, टिनचे मग, सगळं अस्सल हवं. ही माणसं सुट्टीच्या दिवशी तंबूत राहतात, वाटाणे शिजवून खातात आणि त्यात त्यांना आनंद असतो. अशा एका मंडळाचे प्रमुख हेर ब्रुनर. निवृत्त इतिहास शिक्षक, उंच, पाठीत किंचित वाकलेले. समितीच्या पहिल्या बैठकीला ते आले. मीही होते, कारण वडापावच्या स्टॉलसाठी नागेशने आमच्या मंडळालाच हाक मारली होती. हाकलून दिलेल्या घरी पुन्हा जेवायला जाण्यात त्याला कधी संकोच वाटला नाही.

ब्रुनरनी शांतपणे विचारलं, "हेर सबनीस, दोन ओढ्यांपाशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"विजय," नागेश म्हणाला.

"नाही. फायलरने पलटण ओढ्यापलीकडे पाठवली आणि जास्तीची कुमक आणतो असं सांगून स्वतः घोड्यावरून मागे गेला. कुमक आली नाही. तोही आला नाही. त्याच्या गावची, त्याच्या गुत्त्यावरची निम्मी पोरं तिथे मेली. संध्याकाळी तो मागच्या शहरात एका हॉटेलात जेवताना दिसला."

"आणि मग?" कुणीतरी विचारलं.

"चौकशी लागली. राजधानीतल्या मित्रांनी ती मिटवली. त्याने तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला आणि दोन वर्षांनी तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेला. आठवणी लिहिल्या. त्यात म्हटलंय की गोळी त्याच्या टोपीतून आरपार गेली."

बैठकीत जरा हशा पिकला. नागेश हसला नाही. मला मराठीत म्हणाला, "बघा वहिनी, मोठा माणूस दिसला की पाय ओढणारे सगळीकडे असतात. हे आपल्याकडेच आहे असं नाही." आणि जर्मनमध्ये त्याने ठराव मांडला की उत्सव आनंदाचा आहे, मुलं बघायला येणार आहेत, तेव्हा लढाईत जनरल जिंकेल. ठराव मंजूर झाला. जनरलचं काम कोण करणार, हे कुणी विचारलंच नाही. तो आधीच घोड्यावर बसायला शिकत होता.

त्याची ती घोडी लॉटे, शेजारच्या तबेल्यातली, म्हातारी आणि गरीब. नागेश तिच्यावर बसला की सोफ्यावर बसल्यासारखा दिसायचा. कोट त्याने बर्लिनच्या शिंप्याकडून शिवून घेतला, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, कमरेला तलवार. ईप्सिता, त्याची सतरा वर्षांची मुलगी, त्याला त्या वेषात बघून "पाइनलिश" एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. पाइनलिश म्हणजे शरमेने मान खाली घालायला लावणारं. ती पोरगी इथेच वाढलेली, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. नागेशने त्याचाही अर्थ आपल्या सोयीने लावला. "टीनएजर्स," तो आम्हाला म्हणाला, "कौतुक दाखवत नाहीत."

ब्रुनरच्या मंडळातली माणसं कमी पडत होती. नागेशने आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'जर्मन इतिहासात मराठी पाऊल! सैनिक हवेत.' नव्याने आलेली, एकटी राहणारी पोरं रविवारी काय करणार? आठ-दहा जण गेले. त्यांना सांभाळायला म्हणून कुमारही गेला. त्यात तनय होता, नाशिकचा, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर, येऊन वर्षही झालं नव्हतं. कुंदाच्या हातचं जेवायला तो अधूनमधून क्रेनबाखला जायचा. नागेशला 'काका' म्हणायचा आणि नागेश दर वेळी त्याला दुरुस्त करायचा, "दादा म्हण रे."

लढाई गावामागच्या कुरणात व्हायची होती. गवत कापलेलं, ओलं, ओढा जवळ. उत्सवाच्या आठवडाभर आधी नागेशने जागा बदलली. कुरणातून बिअरचा तंबू दिसत नव्हता आणि तंबूवाले नाराज होते. नवी जागा म्हणजे जवाची कापणी झालेलं शेत. घोट्याएवढी खुंटं, मध्ये मध्ये पेंढ्याच्या रांगा, महिनाभर पावसाचा थेंब नाही.

ब्रुनर तिथे येऊन उभे राहिले, खाली वाकून त्यांनी पेंढ्याची एक काडी मोडली. "इथे आम्ही बंदुका उडवणार नाही," ते म्हणाले. "तोफ तर आणणारच नाही. तुम्हीही काही पेटवू नका."

"गेनाऊ, गेनाऊ," नागेश म्हणाला. बरोबर, बरोबर. म्हणजे त्याने ऐकलंच नव्हतं.

तोफेविना लढाई फिकी दिसेल म्हणून त्याने स्वतः धुराच्या नळकांड्या मागवल्या. आदल्या दिवशी त्या पोरांमध्ये वाटल्या. ब्रुनरना सांगितलं नाही. अग्निशामक दलाची गाडी गावाच्या स्टेशनासमोर उभी होती, कारण शेताकडे जाणाऱ्या एकुलत्या रस्त्यावर पाहुण्यांच्या मोटारी लावायची परवानगीही नागेशनेच दिली होती.

तो जुलैमधला रविवार मला चांगला आठवतो. ऊन इतकं की वड्यांचं पीठ आपोआप आंबत होतं. मी आणि कुंदा शेताच्या कडेला स्टॉलवर होतो, पलीकडे फाटकाशी ईप्सिता तिकिटं देत होती. लोकरीचे कोट घातलेली आमची पोरं घामाने निथळत होती. तनयचे बूट दोन नंबर मोठे होते, पुढे त्याने मोजे कोंबले होते. कुंदाने त्याला हाक मारून सरबत पाजलं. "काढ रे तो कोट थोडा वेळ," ती म्हणाली.

"नको काकू. दादांनी सांगितलंय, परेड होईपर्यंत बटण उघडायचं नाही."

बँड वाजला. नागेश लॉटेवर बसून आला आणि त्याने भाषण केलं. मी इतकंच सांगेन की दोनशे वर्षांपूर्वीच्या क्रेनबाखपासून सुरुवात झाली आणि पंधरा मिनिटांनी आम्ही अजून १८३० मध्येच होतो. शेवटी त्याने तलवार उपसली आणि ओरडला, "मी तुमच्या पुढे आहे!" पोरं पळाली, पलीकडून शत्रू झालेली ब्रुनरची करड्या कोटातली माणसं आली, आणि ठरल्याप्रमाणे तनयने आणि आणखी दोघांनी नळकांड्या पेटवून पुढे टाकल्या.

पांढरा धूर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या पांढऱ्या धुराखाली पिवळट काहीतरी हललं. मला वाटलं, तेही खेळातलंच. ब्रुनर ओरडले तेव्हा कळलं. पेंढ्याची एक रांग पेटली होती आणि वारा तिला दोरीसारखी ओढत नेत होता.

पुढचं फार भराभर झालं. कुमार पोरांना हाताला धरून बाहेर ढकलत होता. करडे कोट आणि निळे कोट एकत्र होऊन घोंगड्यांनी जाळ झोडपत होते. मी नागेशकडे बघितलं. तो घोडीवर होता, सगळ्यांपेक्षा उंच, त्याला सगळं दिसत होतं. कोण कुठे आहे, मोकळी वाट कुठली, एवढं जरी ओरडून सांगितलं असतं तरी त्या सात वर्षांच्या भाषणांचं सार्थक झालं असतं. त्याने लगाम ओढला, घोडीचं तोंड फिरवलं आणि तो गेला.

मी वळले तर कुंदा स्टॉलवर नव्हती. तिने टेबलावरची चादर सरबताच्या पिंपात बुचकळली होती आणि ती डोक्यावर घेऊन धुरात शिरली होती. तिने तनयला पडताना बघितलं होतं. बुटात पाय मुरगळून तो खुंटांवर आपटला होता, तिथून त्याला उठता येत नव्हतं. कुंदा पाच फूट उंचीची बाई, पाठदुखीमुळे पिठाची पिशवीसुद्धा उचलत नाही. तिने त्याला काखेत धरून ओढत आणलं. मधे ब्रुनर पोचले आणि दोघांनी मिळून त्याला कडेच्या खडीवर आणून टाकलं. तनयच्या दोन्ही हातांची कातडी भाजून सोललेली होती, नडगी भाजलेली होती. कोट मात्र फक्त करपला होता, अस्सल लोकर होती म्हणून. तो एकसारखा म्हणत होता, "सॉरी काकू, सॉरी." कशाबद्दल सॉरी, ते त्या बिचाऱ्यालाच ठाऊक.

अग्निशामक दल मोटारी हलवत हलवत पोचलं. तोवर निम्मं शेत काळं झालं होतं.

नागेश सापडला गावातल्या गास्टहाउसच्या, म्हणजे खाणावळीच्या, अंगणात. घोडी झाडाला बांधलेली, समोर पाण्याचा ग्लास. तो म्हणाला, मी अग्निशामक दलाला बोलवायला आलो होतो. त्या शेतावर तीनशे माणसं होती आणि तीनशे फोन होते. त्याचा स्वतःचा फोन त्याच्या सोनेरी पट्ट्यांच्या कोटाच्या खिशात होता. हे कुणीतरी बोललं तेव्हा त्याने गोष्ट बदलली: घोडी बिथरली आणि त्याला घेऊन पळाली. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार आला तोवर तिसरी गोष्ट तयार झाली. प्रसंगावधान राखून समिती अध्यक्षांनी जमावाला दिशा दाखवली आणि तातडीने मदत आणली. फोटोत तो तलवारीसह होता.

चार दिवसांनी मी आणि कुंदा तनयला बघायला हॉस्पिटलमध्ये गेलो. नागेश आमच्याआधी येऊन गेला होता. टेबलावर लढाईच्या आधी काढलेला ग्रुप फोटो ठेवला होता, चांदीच्या रंगाच्या फ्रेममध्ये. तनयचे हात बँडेजमध्ये होते, फोटो त्याने उचलायचा कशाने?

"काय म्हणाले तुझे दादा?" मी विचारलं.

"म्हणाले, घरी इतक्यात कळवू नकोस, आईबाबा उगाच घाबरतील. आणि नळकांड्यांबद्दल कुणी विचारलं तर मला नक्की आठवत नाही असं सांग." मग तो कुंदाला म्हणाला, "काकू, तुम्हाला वाईट वाटेल. पण घोडी बिथरली नव्हती. ती तर हलतच नव्हती. मी खाली पडलेलो होतो, मला त्यांचा बूट दिसत होता. त्यांनी टाच मारली. दोनदा."

कुंदाने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "मला वाईट वाटायचं ते वाटून झालं, बाळ," ती म्हणाली.

परत येताना गाडीत तिने मला सांगितलं. नागेश फाटकातून बाहेर पडला तेव्हा ईप्सिता समोर आली होती. कधी नव्हे ते मराठीत ओरडली होती, "पप्पा, थांबा! आई आत आहे!" त्याने तिच्याकडे बघितलं आणि "मदत आणतो" म्हणून निघून गेला. घरी आल्यावर कुंदाने त्याला विचारलं होतं, "अहो, तिने सांगितलं तेव्हा तुम्हाला ऐकू आलं ना?" तो म्हणाला होता, "नेतृत्व करणाऱ्याला एकेका माणसाचा विचार करून चालत नाही. तुला ते कळायचं नाही."

हे तो सव्वीस वर्षं संसार केलेल्या बायकोला म्हणाला. स्वयंपाकघरात. तिच्या केसांना अजून जळका वास येत असताना.

गावाचं बघा. आता गावापुढे अडचण होती. शेतात लढाई घ्यायला परवानगी गेमाइंडेराटने दिलेली. चूक झाली म्हणावं तर सगळ्यांची नावं येणार. त्यापेक्षा शूरपणा झाला म्हणणं सोपं होतं. सप्टेंबरात त्यांनी ग्रामसभागृहात कार्यक्रम ठेवला. अग्निशामक दलाला प्रशस्तिपत्र, ब्रुनरच्या मंडळाला प्रशस्तिपत्र, आणि नागेश सबनीसला कोटावर लावायचं गावाचं मानचिन्ह, नागरी धैर्याबद्दल. कुंदाचं नाव 'इतर मदतनीस' यात होतं.

ब्रुनर आले नाहीत. त्यांनी प्रशस्तिपत्र नाकारल्याचं कळवलं होतं, कारण मात्र सभेत कुणी वाचून दाखवलं नाही.

ब्युर्गरमाइस्टरिन, म्हणजे गावच्या सरपंचबाई, गोड स्वभावाच्या. त्यांना वाटलं, मानचिन्ह पत्नीच्या हस्ते लावलं तर छान दिसेल. त्यांनी आयत्या वेळी कुंदाला वर बोलावलं. कुंदा गेली. साधी कॉटनची साडी, हातावर भाजल्याचा डाग. सरपंचबाईंनी मखमली डबी तिच्यापुढे उघडली. नागेशने छाती पुढे काढली, कॅमेऱ्याकडे बघितलं.

कुंदाने डबीत बघितलं आणि म्हणाली, "नाइन. एर वार निश्ट दा."

नाही. तो तिथे नव्हता.

कुंदाचं जर्मन बाजारहाटापुरतं आहे, हे गावाला माहीत. लोक प्रेमाने हसले. सरपंचबाईंनी कपाळाला आठ्या घालून नागेशकडे बघितलं. आणि त्या माणसाने, क्षणाचाही वेळ न घेता, हसत खुलासा केला, "तिला म्हणायचंय, मी तिथे नव्हते. ती स्वतःबद्दल सांगतेय. सर्वनामं तिला अजून जमत नाहीत." मग कुंदाचा खांदा थोपटला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, बाईच्या विनयाबद्दल.

कुमार उठायला लागला. पण आमच्यापुढच्या रांगेतून ईप्सिता आधीच उभी राहिली होती. तिचं जर्मन असं स्वच्छ की एका अक्षराबद्दल कुणाला शंका घेता येऊ नये.

"माझ्या आईचं व्याकरण बरोबर आहे," ती म्हणाली. "तो तिथे नव्हता. ती होती. मी फाटकाशी उभी राहून त्याला थांबायला सांगितलं आणि तो थांबला नाही."

मग कुणी हसलं नाही. सरपंचबाईंनी डबी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. नागेश म्हणाला, "टीनएजर्स," आणि हसायला लागला, आणि एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला. कुंदा पायऱ्या उतरून मुलीपाशी आली. दोघी बाहेर गेल्या. आम्हीही गेलो.

पुढचं नंतर कळलं. कार्यक्रमपत्रिकेत बँड होता म्हणून बँड वाजला. सरपंचबाईंनी डबी नागेशच्या हातात दिली आणि त्याने मानचिन्ह स्वतःच लावून घेतलं. काढून घेण्याचा नियम कुठे नव्हता.

यानंतर त्या माणसाने गाव सोडलं असेल, निदान राजीनामा दिला असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मार्चमध्ये पुन्हा निवडणूक झाली. या वेळी यादीत त्याचं नाव बरंच वर होतं. गावात त्याला आता सगळे 'हेर जनरल' म्हणून ओळखत होते, काही थट्टेने, काही सवयीने. मत देताना हाताला ओळखीचं नाव लागतं. तो निवडून आला, या वेळी खरोखर मतांनी. सांगलीत दुसरा फ्लेक्स लागला असेलच.

तनयच्या हातांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. तो वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरच्या कामावर गेला, टाइप करता येतं म्हणाला. पोलिसांना त्याने नळकांड्यांबद्दल खरं ते सांगितलं. नागेशला दंड झाला आणि तो त्याने भरला. दंडाची बातमी वर्तमानपत्राने आतल्या पानावर चार ओळींत दिली.

कुंदा मुलीला घेऊन न्युरेम्बर्गमध्ये दोन खोल्यांत राहते. एका किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथल्या मुलांना तिने खिचडी खायला लावलीय. घटस्फोट घेतला नाही. "त्याच्यासाठी आणखी एका कचेरीत जाऊन कोण बसणार?" असं म्हणते.

गेल्या महिन्यात मला नागेश एस-बानच्या स्टेशनावर भेटला. सूट, मानचिन्ह कॉलरवर. जरा वाळलाय, पण आवाज तोच. फायलरच्या नावाने शाळेत वक्तृत्व स्पर्धा सुरू करतोय, परीक्षक म्हणून याल का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, तुमचं ऐकते ती. कुंदाला जरा समजवा. झालं गेलं ते धरून बसलीय. सार्वजनिक जीवनात माणसावर काय काय वेळा येतात, तिला भानच नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यात कुठे काही लपवल्याची रेषसुद्धा नव्हती. तो थाप मारत नव्हता. आता त्याचा खरोखरच विश्वास बसला होता की तो तिथे होता.

"माझी गाडी आली," मी म्हणाले आणि समोर उभी राहिली तिच्यात चढले. ती माझ्या घराच्या उलट दिशेला जाणारी होती. दारं मिटेपर्यंत तो हात हलवत काहीतरी बोलत होता. पुढच्या स्टेशनावर मी उतरले आणि परतीची गाडी यायला वेळ होता तरी चालेल म्हणून बाकावर बसले.